थंडीची क्रीम

पौषातल्या थंडीनं रविनाचे गाल उलले, नाकाच्या कडेनं कोंड्यासारखी साल निघायला लागली. तिच्या आईनं, रखमीनं, मोहाच्या बियांचं तेल पुढं केलं, तर पोरीनं नाक मुरडलं. जव्हारला नर्सिंगचा कोर्स करणारी पोर ती. म्हणाली, या वासाला होस्टेलातल्या मुली हसतात. तिनं मोखाड्याच्या बाजारातून दामोदरच्या हातगाडीवरची बिननावाची क्रीम आणली. "कितीही थंडी पडू द्या, कातडी लोण्यासारखी राहील!" असं ओरडून तो ती विकायचा.

आठ दिवस गाल खरंच तुळतुळीत झाले. मग आग सुरू झाली. पंधराव्या दिवशी पोर घरी आली ती ओढणीनं तोंड बांधूनच. रखमीनं गाठ सोडली. गाल लालभडक सोलले होते, ओठ सुजले होते, डाव्या डोळ्याखालून पाणी गळत होतं.

"आये, हात नको लावू. वारा लागला तरी जळतंय."

मोखाड्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी चेहरा बघूनच विचारलं, "कुठली क्रीम लावलीस? कातडी पातळ करणारं औषध असतं असल्या डब्यांत. आजपासून बंद. कोमट पाण्यानं तोंड धुवायचं, साबण नाही. पुसायचं नाही, टिपायचं, आणि ओलसर असतानाच साधं व्हॅसलीन लावायचं. भरून यायला महिने लागतील."

"डाग?" रखमीनं विचारलं.

"आत्ता नाही सांगता येत."

बाजाराचा दिवस होता. रखमीनं पोरीला दवाखान्याच्या बाकावर बसवलं आणि ती तडक निघाली. रानात जायचा कोयता कमरेला होताच.

दामोदर गिऱ्हाइकाच्या हाताला क्रीम चोळून दाखवत होता. मागं त्याची बायको चंपा स्कार्फ गुंडाळून डब्या भरत होती. रखमीनं बोलण्यात वेळ घालवला नाही. कोयत्याच्या पाठीनं तिनं गाडीवरची काच फोडली.

"ए बाई! डोकं फिरलंय का?"

"माझे पोरीचा तोंड सोलला रं तू!"

दामोदरनं गाडीवरच्या छत्रीचा लोखंडी दांडा उपसून तिच्या खांद्यावर हाणला. रखमी गुडघ्यावर आली, पण तिनं त्याचा पाय धरला आणि पोटरीला चावा घेतला. तो कोसळला. ती त्याच्या छातीवर बसली, मूठभर क्रीम उचलून त्याच्या तोंडावर, डोळ्यांत रगडायला लागली. क्रीममध्ये फुटलेल्या काचेचा चुरा पडला होता. त्याचा गाल फाटला, तिचीही बोटं चिरली. "लाव! तू पण लाव!" ती ओरडत होती. लोक गोल करून उभे होते, पुढं कुणी येईना.

चंपा तिला ओढायला धावली. झटापटीत तिचा स्कार्फ रखमीच्या हातात आला आणि रखमीचा हात थांबला. चंपाचे गाल हुबेहूब रविनासारखे होते, त्याहून जुने, काळपट, जागोजागी फुटलेले.

"हे कशानं झालं?" रखमीनं धापा टाकत विचारलं.

"थंडीनं," चंपा म्हणाली. "आमचे हेच सांगतात, थंडीनं होतंय, अजून लाव."

"माझे पोरीचं असंच झालंय. डॉक्टरीण म्हणते, या क्रीमनंच."

चंपानं नवऱ्याकडे बघितलं. त्यानं नजर चुकवली. तिनं दांडा उचलला तेव्हा तो "चंपे, ऐक" एवढंच म्हणू शकला. पहिला घाव मनगटावर बसला, हाड मोडल्याचा आवाज आला. दुसरा बरगडीत. तिसऱ्याला रखमीनंच तिला कमरेला मिठी मारून आवरलं, नाहीतर तो मेला असता.

पोलिसांनी तिघांनाही नेलं. डब्या जप्त झाल्या. दामोदरवर गुन्हा दाखल झाला, तसाच या दोघींवरही. जामिनावर सुटल्यावर चंपा माहेरी, वावर गावाला गेली, परत आलीच नाही.

गलका ऐकून रविना बाकावरून उठून आली होती आणि तिनं सगळं पाहिलं होतं. त्यानंतर तिनं आईला चेहऱ्याला हात लावू दिला नाही. व्हॅसलीन ती स्वतःच लावायची, भिंतीकडे तोंड करून. "मारून टाकला असता तू त्याला," एकदाच म्हणाली. रखमीला स्वतःचीच भीती वाटायला लागली होती.

शिमग्यापर्यंत कातडी भरून आली. डोळ्याखाली एक काळा डाग तेवढा राहिला. रविना जव्हारला निघाली, तेव्हा रखमी जीपपर्यंत पोचवायला आली आणि तिची पिशवी आत ठेवून बाजूला झाली.

जीप भरली. रविनानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"आये, कोर्टाची तारीख कवा हाय?"

"पुढच्या सोमवारी."

"मी येते. एकटी जाऊ नको."