वजा एक इंच

माझ्या टेपला पहिला इंच नव्हता. बारा वर्षांपूर्वी तिच्या टोकाची पितळी पट्टी निघाली, मागोमाग धागे सुटायला लागले, म्हणून मी कात्री घेतली आणि एकच्या आकड्यावर सरळ कापून मोकळी झाले. तेव्हापासून गिऱ्हाइकाच्या कमरेला टेप लावायची, पस्तीस दिसले की वहीत चौतीस लिहायचे. कापड मात्र टेबलावर लाकडी पट्टीने मोजून कापायचं. ती पट्टी शाबूत होती. शिवण मला कुणी शिकवलेलं नाही. जुने कपडे उसवून उसवून मी ते शिकले, त्यामुळे माझ्या हाताच्या खोडींना नावं ठेवायलाही कुणी नव्हतं.

हे आधी सांगितलं, कारण पुढे जो घोळ झाला तो नाहीतर कळायचा नाही. मला स्वतःला तो कळायला दीड महिना लागला.

आमचे हे ग्रंथालयात पुस्तकांची बांधणी करतात. जन्मभर छापील अक्षरांत हात असल्यामुळे जे लिहिलेलं दिसेल ते खरं, असा माणूस. वसंतात त्यांना रक्तदाब निघाला. डॉक्टरीणबाईंनी रोज सकाळी एक गोळी, मीठ कमी, चालणं सुरू, आणि त्यांना विचारल्याशिवाय गोळी थांबवायची नाही, असं बजावून सांगितलं. यांनी तीन आठवडे ऐकलं. मग मोठ्या दिरांनी घरच्या माणसांचा फोनवर एक गट काढला, आणि त्यावर रोज सकाळी आरोग्य यायला लागलं.

"अगं, ही गोळी एकदा सुरू झाली की जन्माची गळ्यात पडते म्हणे."

"कोण म्हणतं?"

"दादा."

"दादांनी हयातभर भिंतींचे रंग विकलेत."

"त्यांनी कुठे लिहिलंय? खाली शास्त्रज्ञाचं नाव आहे."

नाव होतं खरं. कुठला शास्त्रज्ञ, कशातला, ते नव्हतं. गोळीऐवजी करायचं होतं ते असं : उठल्याबरोबर गरम पाण्यात लिंबू, ते उभ्याने प्यायचं नाही, पोट उजवीकडून डावीकडे चोळायचं. कमर एक इंच उतरली की रक्तदाब आपोआप उतरतो, मग गोळीची गरज नाही.

मी हो म्हणायला नको होतं. पण इंच म्हटलं की मला वाटतं हा आपला प्रांत. मी म्हटलं, "ठीक आहे. मोजते मी. इंच गेला तर बघू. तोवर गोळी चुकवायची नाही." टेप लावली, एकोणचाळीस दिसले, वहीत अडतीस लिहिले.

त्याच आठवड्यात ती टेप मशीनच्या चाकात सापडली आणि तिचे दोन तुकडे झाले. मी दोऱ्यावाल्याकडून नवी आणली. तशीच पिवळी, तेवढीच लांब, टोकाला पितळ चकाकतंय. जुनी टाकताना जरा वाईटही वाटलं.

तीन आठवड्यांनी यांना पुन्हा मोजलं, आणि मी वहीत लिहिलं : सदतीस.

"बघ!" हे आरशासमोर आडवे उभे राहिले. "आता?"

आता काय. शब्द दिला होता. गोळ्यांचं पाकीट ड्रॉवरमध्ये गेलं. मी त्यांची चांगली करडी पँट काढली आणि कमरेत एक इंच आत घेतली. नवरा बारीक झाल्याचा आनंद मी तरी दुसरा कसा साजरा करणार?

तेव्हापासून सगळंच विचित्र व्हायला लागलं.

आधी बेकरीवाली आली. "ताई, नवा झगा चढतच नाहीये." मी झगा लाकडी पट्टीने मोजला, वहीत होता तेवढाच भरला. म्हणजे कपडा बरोबर, बाई बदलली. मी जपून म्हटलं, "थोडं अंग भरलंय का?" ती बिचारी तिथेच स्टुलावर बसली. "दिवसभर पावाच्या वासात असते. वासानेही चढतं म्हणतात."

मग औषधाच्या दुकानातली मुलगी. मग केस कापणारे काका, ज्यांचं जाकीट छातीशी मिळेना. एका महिन्यात सात गिऱ्हाइकं परत आली. आमची अख्खी गल्ली फुगली आणि आमचे हे तेवढे आटले. बेकरीवालीने साखर सोडली. औषधवाली संध्याकाळी सहानंतर खायची बंद झाली. केशकर्तनकाकांनी सांगितलं की नळाच्या पाण्यातच काहीतरी आहे, आणि ते घाबरून दोन घोटांत दिवस काढायला लागले. मी यांना विचारलं, "पाणी तर आपणही तेच पितो?"

"आपण बसून पितो," हे म्हणाले.

मला काही सुधरेना. एकीकडे डोळ्यांसमोर पुरावा, वहीत आकडे, तेही माझ्याच हातचे. दुसरीकडे यांचं डोकं रोज सकाळी ठणकायला लागलं. कपाळाला हात लावून बसायचे. मी गोळीचं नाव काढलं की म्हणायचे, "दादांनी लिहिलंय, साठलेलं विष बाहेर पडताना डोकं दुखतंच. चांगलं लक्षण आहे."

"किती विष होतं हो तुमच्यात? पंधरा दिवस झाले."

"तीस वर्षं तुझ्या हातचं खातोय," म्हणाले, आणि हसताना पुन्हा कपाळ धरलं. मला हसू आलं नाही. डॉक्टरीणबाईंकडे चला म्हटलं तर, "वही बघ की. सदतीस." माझीच वही माझ्या तोंडावर.

आणखी एक गोष्ट होती. त्यांचा पट्टा अजून त्याच भोकात बसत होता. मी ते दाखवलं तर म्हणाले, "चामडं ताणतं का आकसतं?" मला खात्रीने सांगता येईना, तर म्हणाले, "मग झालं."

शेवटी कसरतीच्या बाई आल्या. शाळेत मुलींना कसरत शिकवतात. काटक, सरळ, बोलायलाही तशाच. स्कर्ट टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "हा मला होत नाही."

"थोडं अंग..." मी सुरू केलं.

"नाही. मी दर महिन्याच्या एक तारखेला मोजते. तीस. चार वर्षं तीस आहे. तुमच्या वहीत काय आहे?"

वहीत एकोणतीस होतं.

"घ्या परत माप."

मी घेतलं. टेप कमरेभोवती, अंगठा टोकावर, नजर आकड्यावर. "एकोणतीस," मी म्हटलं.

बाईंनी मान खाली घालून बघितलं. "मावशी, तीस आहेत की."

"हो, तीस दिसतात. त्यातून एक वजा."

"का?"

मी अंगठा उचलला. खाली पितळी टोक होतं, त्याच्यापुढे पहिला इंच, नवा कोरा, पिवळाधमक. मी त्याच्याकडे बघत राहिले. टेप बदलली होती, हात बदलला नव्हता.

"पाणी देऊ का?" बाईंनी विचारलं. मला वाटतं मी खुर्चीवर बसले होते. गल्लीभर लोक माझ्या एका अंगठ्यापायी उपाशी राहत होते, हे मला नंतर सुचलं. तेव्हा डोळ्यांसमोर फक्त ड्रॉवरमधलं पाकीट होतं.

स्कर्ट फुकट मोकळा करून देते म्हटलं, दुकान अर्ध्या दुपारीच बंद केलं आणि टेप गळ्यात तशीच घेऊन ग्रंथालयात गेले. हे तळमजल्यावर, सरसाच्या वासात, एका जाड कोशाची पाठ चिकटवत होते.

"अहो, तुमचा इंच गेलेला नाही."

"कुठे गेला?"

"गेलाच नाही म्हणतेय. मी चुकले. नव्या टेपमधूनही एक वजा करत बसले. तुम्ही अडतीसच आहात."

हे ब्रश हातात धरून उभे. मला वाटलं चिडतील, नाहीतर दादांचं काहीतरी वाचून दाखवतील. त्यांनी ब्रश खाली ठेवला, हात पुसले आणि शर्ट वर केला. करड्या पँटचा हुक उघडा होता. वरून पट्टा घट्ट ओढलेला, आत सुती दोऱ्याचा एक फास, हुकापासून काजापर्यंत. पुस्तकं शिवायचा दोरा.

"कधीपासून?"

"तू आत घेतलीस त्या दिवसापासून. लागतच नव्हता."

"मग बोलायचं नाही?"

"तू मोजलं होतंस ना," हे म्हणाले. "दादांचं एक वेळ सोड. पण तुझी टेप म्हणजे... मला वाटलं माझं पोटच काहीतरी चुकतंय."

तीस वर्षांत माझ्या कुठल्या कामाचं इतकं कौतुक झालं नव्हतं आणि इतकं ओझंही.

तिथूनच डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी दंडाला पट्टी गुंडाळली तेव्हा माझ्याने राहवेना. "बाई, हिचं टोक वगैरे शाबूत आहे ना?"

"का हो?"

"सहज."

आकडा वाईट होता. बाई रागावल्या, मग दुसऱ्या दंडावर मोजला, तोही वाईट. डोकेदुखी रक्तदाबाची असेल वा नसेल, ते नंतर बघू, पण विष वगैरे काही नाही, म्हणाल्या. गोळी आजच, इथेच, आणि आठवड्याने परत यायचं. यांनी निमूटपणे घेतली.

"आणि लिंबू?" हे दारातून वळून म्हणाले.

"आवडत असेल तर प्या."

"बसून?"

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "कसंही. चालणं मात्र सोडू नका, त्याचा उपयोग आहे."

घरी आल्यावर मी करडी पँट उसवायला घेतली. शिवणीत कापड राखून ठेवायची माझी सवय, त्यामुळे इंच आतच होता, घडी करून. हे समोर बसले होते, दादांना लांबलचक काहीतरी लिहीत.

"काय लिहिताय?"

"तुझ्या टेपचं. त्यांनी पुढे सगळ्यांना पाठवावं."

थोड्या वेळाने फोन वाजला. यांनी वाचलं, आणि त्यांचा चेहरा पडला.

"काय म्हणतात?"

"म्हणतात, हे खरं कशावरून?"

मी पँट मांडीवर ठेवली आणि ड्रॉवरमधलं पाकीट काढून त्यांच्या चहाच्या कपाखाली ठेवलं, म्हणजे सकाळी कप उचलल्याशिवाय सुटका नाही. मग टेप घेतली आणि पितळी टोकापासून, सावकाश, माझी स्वतःची कमर मोजली. पस्तीस. वहीत लिहिताना हात एकदा थांबला, पण पस्तीसच लिहिले.