कुणावर गेलीय

तिनं शर्टाच्या कॉलरवर पाणी शिंपडून इस्त्री टेकवली, तेवढ्यात दुकानाच्या दारातून बालवाडीच्या बाई ओरडल्या, "अगं, आलीस का कामाला! बाळ कुठंय?"

नवरा आत कपड्यांचे गठ्ठे सोडत होता. एरवी असं कुणी आलं की तोच लगबगीनं पुढं व्हायचा, गिऱ्हाइकाला बाजूला घेऊन दोन शब्दांत सांगून टाकायचा. आज तो पोचायच्या आतच तिच्या तोंडून निघून गेलं.

"झोपलंय."

म्हणून बसली खरी! तिनं जीभ चावली, पण सुटलेला शब्द काय परत येतो थोडाच?

बाईंनी लगेच आवाज खाली आणला. "अगंबाई, आणि मी मेली ओरडतेय! मुलगा की मुलगी?"

"मुलगी."

एवढंच तिला ठाऊक होतं. बाळंतपणात ती बेशुद्ध होती. शुद्धीवर आली तोवर लेक गेलेली आणि सगळं उरकलेलं. लेकीला पाहिलं होतं ते एकट्या नवऱ्यानं, आणि त्यानं तर तोंडाला कुलूपच लावलेलं. सासूबाई म्हणाल्या, झालं गेलं गंगेला मिळालं, आता विसर. सांगणाऱ्याचं काय जातं! तिला विसरायचं नव्हतं. पण आठवायला काहीतरी हवं ना? चेहराच ठाऊक नाही, तर रडायचं तरी कुणाला आठवून?

"कुणावर गेलीय गं?" बाईंनी कौतुकानं विचारलं.

नवरा आतल्या दाराशी येऊन उभा होता. आता हा खरं काय ते सांगणार आणि आपली शोभा होणार, म्हणून तिनं मान खाली घातली.

"नाक हिचं," तो म्हणाला. त्याचाही आवाज बारीक झाला होता. "जावळ भरपूर, पार कानांपर्यंत. आणि हनुवटीला खळी, आमच्या आईसारखी."

"गुणाची गं माझी," म्हणत बाई कपडे ठेवून, पाय न वाजवता निघून गेल्या.

इस्त्री शर्टावरच राहिली होती. त्यानं ती उचलून बाजूला ठेवली. कॉलर करपली होती.

"आणि डोळे?" तिनं विचारलं.

तो करपलेल्या कापडावर अंगठा घासत राहिला.

"मिटलेलेच होते गं. मी बराच वेळ वाट बघितली."