फाटलेला धागा, जुळलेला धागा

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. चपलांच्या दुकानावरचा तो मजला. खुर्च्या संपल्या तशी माणसं खिडक्यांच्या कट्ट्यांवर बसली, जिन्यात उभी राहिली. समोर टेबलावर काचेचा पेला, त्यामागे दिवा आणि दिव्यामागे पांढऱ्या कोटातले सूत्राचार्य. ही पदवी त्यांनी स्वतःच स्वतःला बहाल केली होती. दुसरं कोणी देईपर्यंत थांबायला वेळ कोणाला आहे!

"या लेकराच्या लाळेतून मी त्याच्या सात पिढ्या बाहेर काढतो!" पुढ्यातल्या एका मुलाकडे बोट करून ते गरजले. पेल्यात औषधाचे थेंब पडले, वरून गार अर्क पडला, चमचा गरगरा फिरला आणि दिव्याच्या उजेडात पांढऱ्या चिंध्या तरंगू लागल्या. "बघा! सूत्रच फाटलंय! पण भिऊ नका. चाळीस दिवस माझ्या हातातल्या ऊर्जेच्या लहरी घ्या, धागा आपोआप जुळेल."

तिसऱ्या रांगेत दोन बहिणी बसल्या होत्या. थोरली रक्तपेढीत तंत्रज्ञ होती. धाकटीनं मांडीवर एक छोटी बाटली घट्ट धरली होती.

धाकटीला एक मुलगी होती, मणी. सात वर्षांची. तिला थॅलेसेमिया, अंगात रक्त नीट तयारच होत नसे, म्हणून दर तीन आठवड्यांनी बाहेरचं रक्त द्यावं लागे. सुया टोचून टोचून पोरीचे हात चाळणीसारखे झाले होते. पाच महिन्यांपूर्वी धाकटी तिला घेऊन याच सभागृहात आली. मणीचा धागा फाटलेला निघाला. चाळीस दिवसांनी पुन्हा पेला मांडला, तर लांबसडक, अखंड धागा! माय-लेकी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या.

"आता बाहेरचं रक्त घेतलंत तर जुळलेला धागा तुटेल," आचार्यांनी बजावलं.

धाकटीनं मणीला रक्त देणं बंद केलं. थोरलीला म्हणाली, "ताई, घराजवळच्या दवाखान्यात देतोय आता. तुला कशाला दर वेळी धावपळ?" आणि थोरलीनं ते खरं मानलं. रोज दुसऱ्यांच्या पिशव्यांवरची लेबलं दोनदोनदा तपासणाऱ्या बाईनं सख्ख्या बहिणीला साधा एक प्रश्न विचारला नाही. हे तिला पुढे जन्मभर सलणार होतं.

नुकतंच रक्त दिलेलं होतं, त्यामुळे सुरुवातीला मणी हसत-खेळत होती; श्रेय लहरींनी लाटलं. मग ती जिना चढताना बसू लागली. "जुनं रक्त मरतंय, नवं जन्मतंय," आचार्य म्हणाले. शेवटी थोरलीनं मणीला पाहिलं तेव्हा तिचे ओठ कागदासारखे पांढरे झाले होते. दवाखान्यात थेंब थेंब रक्त सुरू केलं, पण हृदय थकून गेलं होतं.

"मावशी, माझा धागा जुळलाय ना गं?" मणीनं विचारलं.

"हो रे राजा," थोरली म्हणाली. दुसऱ्या दिवशी मणी गेली.

कितीतरी दिवस गेले. एका दुपारी धाकटीनं विचारलं, "मी या डोळ्यांनी पाहिलं, ताई. मग ते खोटं कसं?"

थोरली उठली. भिजवलेले पांढरे वाटाणे पाण्यात वाटले, चिमूटभर मीठ टाकलं, गाळून घेतलं. त्यात भांडी घासायच्या साबणाचे थेंब आणि वरून फ्रिजमधलं गार स्पिरिट. चमच्यानं जोरात ढवळलं: चिंध्या. दुसऱ्या पेल्यात स्पिरिट कडेनं अलगद सोडलं: लांब धागा.

"हा वाटाण्याचा डीएनए, तो आचार्य ज्याला सूत्र म्हणतो तोच. साबणानं पेशी फुटतात, मीठ आणि स्पिरिटमुळे आतला डीएनए गोळा होतो. हात जोरात चालवला की तुटतो, हळू चालवला की अखंड राहतो. माझ्या लाळेतून काढलास तरी असाच दिसेल. हा लाखो धाग्यांचा गुंता आहे गं. आपल्या मणीच्या सूत्रात चूक होती ती कोट्यवधी अक्षरांतल्या एखाद्या अक्षराची. ती पेल्यात दिसते होय?"

"दोष माझ्याकडून आला, असं म्हणाला तो आचार्य."

"त्या जनुकाची बिघडलेली एक प्रत तुझ्याकडून आली, एक तिच्या बाबांकडून. तुम्हा दोघांकडे दुसरी चांगली होती, म्हणून तुम्हाला काही झालं नाही. कुठली प्रत मुलाला जाते, ते कुणाच्या हातात नसतं. यात तुझा काही गुन्हा नाही."

धाकटी पहिल्यांदा मोठ्यानं रडली. मग म्हणाली, "माझ्याबरोबर त्या सभागृहात चल."

आणि आता सभागृहात ती उठली. "माझ्या मुलाची लाळ आहे, बघता का?"

आचार्यांनी तिच्या चेहऱ्याकडे न बघताच बाटली ओतली, चमचा गरगरा फिरवला. "अरेरे! फाटलंय! आईच्या कुळाचा दोष!"

"वाटाणा आहे तो," धाकटी म्हणाली.

हशा पिकला. थोरलीनं पुढे होऊन बाटलीत उरलेल्या पाण्यात सोबत आणलेला साबण घातला, स्पिरिट अलगद सोडलं. लांब धागा वर आला. "चाळीस दिवस नाही लागले," ती म्हणाली. "जनुकं दुरुस्त करणारे खरे उपचार आहेत. रुग्णाच्या पेशी काढून, प्रयोगशाळेत दुरुस्त करून परत देतात. पण त्याआधी वर्षानुवर्षं चाचण्या होतात, तज्ज्ञांची समिती तपासते, सरकारची परवानगी लागते, आणि नंतरही रुग्णावर लक्ष ठेवतात. तुमची परवानगी कुठंय?"

आचार्यांनी भिंतीवर चौकटीत लावलेल्या प्रमाणपत्राकडे बोट केलं. पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यानं चष्मा सावरून वाचलं. "यावर सही यांचीच आहे!"

"माझी मुलगी या पेल्यावर विश्वास ठेवून गेली," धाकटी म्हणाली आणि हसू विझलं. "माझं शिक्षण कमी नव्हतं. मला आशा जास्त होती. डोळ्यांना दिसलं म्हणून खरं मानू नका. कसं केलं ते विचारा, कुणी तपासलं ते विचारा. आणि उत्तर मिळेपर्यंत चालू असलेला उपचार एक दिवसही थांबवू नका."

गोंधळ उडाला. आचार्य मागच्या दारानं निसटले; तक्रारीवरून आठवड्याभरात औषध खात्यानं तिथे कुलूप ठोकलं. तरी दोघं-तिघं त्यांचा नवा पत्ता विचारत फिरत होतेच.

त्या दिवशी मात्र दाराशी एक बाई मुलाला कडेवर घेऊन खिळली होती. धाकटीनं त्याच्या पापणीचा आतला भाग पाहिला. पांढराफटक.

"शेवटचं रक्त कधी दिलं?"

"दोन महिने झाले," बाई पुटपुटली.

"चल," धाकटी म्हणाली आणि मुलाला स्वतःच्या कडेवर घेतलं. थोरली रक्तपेढीला फोन लावत पुढे पळाली.