रबरी बदक आणि करडी कुत्री

मी एक जुने रबरी बदक आहे. चोच अर्धी झिजली आहे आणि रंग म्हणायला पिवळा. पोट दाबले की मी 'पीं' करते. मित्रांनो, या एवढ्या पींवर मी आयुष्य काढले.

साच्यातून निघाले ती एका बाळाच्या टबात पडले. बाळ मोठे झाले, तसे त्याच्या मावशीने मला उचलले. मावशी फोटोग्राफर. सुट्टीच्या दिवशी ती बेवारस कुत्र्यांच्या निवाऱ्यात जाई आणि त्यांचे फोटो काढी. ते फोटो पाहून लोक कुत्री घरी नेत. जमिनीवर पालथी पडून मावशी मला कॅमेऱ्याच्या वर धरी आणि दाबी. कुत्रे कान टवकारी, मान तिरकी करी, तेवढ्यात फोटो निघे. लोक म्हणत, काय बोलके डोळे आहेत! बोलत होते मी, नाव मात्र डोळ्यांचे.

मग एक म्हातारी करडी कुत्री आली. मावशीने मला दाबदाब दाबले. कुत्री ढिम्म. भिंतीकडेच बघत राहिली.

"तुसडीच आहे," मावशी म्हणाली आणि तसाच फोटो लावला. असा फोटो पाहून कोण नेणार? शेजारचे पिंजरे रिकामे होत गेले, ही तिथेच. माझा आवाजच बसला की काय, अशी मला धास्ती लागली.

एकदा जेवणाची गाडी दारात वाजली. सगळी कुत्री नाचू लागली; ही पाठ करून झोपलेली. खाण्याचा वास आला तेव्हा कुठे उठली. मावशी जागच्या जागी थांबली.

"अगं, तुला ऐकूच येत नाही," ती हळू म्हणाली.

तिने मला खाली ठेवले आणि कुत्रीच्या पाठीवर हात ठेवून नुसती बसून राहिली. बऱ्याच वेळाने कुत्रीने तिच्या गुडघ्यावर हनुवटी टेकली आणि वर पाहिले. त्याच क्षणी मावशीने फोटो काढला. त्यात माझा काडीचाही वाटा नव्हता.

तो पाहून एक बाई आपल्या वडिलांना घेऊन आल्या. ते एकटेच राहत.

"बाबांनाही ऐकू येत नाही," बाई म्हणाल्या. "जमेल दोघांचं."

निघताना कुत्रीने मला तोंडात धरले. बाई सोडवू लागल्या, तशी मावशी म्हणाली, "राहू दे तिच्याकडे. मला आता नुसतं बसता येतं."

मित्रांनो, हाकेला कुणी ओ दिली नाही तर त्याला लगेच तुसडे ठरवू नका. आधी जवळ जाऊन बसा. माझे म्हणाल, तर मी आता दिवसभर तिच्या दातांत पीं पीं करते आणि आजोबा शेजारीच खुशाल घोरत असतात.