कळ बंद, आवाज चालू

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे. शुद्ध भाषेत मला ध्वनिक्षेपक म्हणतात, पण तसं म्हणायला गेलं की भल्याभल्यांची जीभ अडखळते, म्हणून माईकच बरा. माझं डोकं जाळीचं, अंग लोखंडी आणि शेपूट म्हणजे लांबलचक काळी वायर. या शेपटाला अडखळून बरेच मोठे पाहुणे भाषणाआधीच जमिनीवर आले आहेत.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे ओळीने बसलेल्या बायका बारीक तारा जोडत असत. मी पुरता तयार झाल्यावर त्यांतल्या एकीने मला तोंडाजवळ धरलं आणि पलीकडच्या मैत्रिणीला विचारलं, "चहा आला का गं?" हे मी ऐकलेले पहिले शब्द. मोठमोठ्या भाषणांसाठी जन्मलेल्या मला साधं बोलणं जास्त का आवडतं, त्याचं कारण बहुधा हेच असावं.

तिथून मी थेट मुलींच्या शाळेत आलो. तेव्हाच्या मुख्याध्यापिकांना सगळे थोरल्या बाई म्हणत. त्या बोलायच्या आधी माझ्या डोक्यावर बोटाने हळूच टिचकी मारत आणि म्हणत, "जागा आहेस ना रे?" मी "ठक ठक" असं उत्तर दिलं की मैदानभर हशा पिकायचा. खेळाच्या बाईंना मात्र माझी कधी गरजच पडली नाही. त्या नुसत्या "रांगेत या!" म्हणाल्या, तर पलीकडच्या रस्त्यावरची माणसंसुद्धा रांगेत उभी राहत.

वय झालं तशी माझी कळ बिघडली. ती खाली सरकवली की दिसायला बंद, पण आतून मी चालूच. "दुरुस्त करून घेऊ," असं प्रत्येक सुट्टीआधी सगळे म्हणत, आणि प्रत्येक सुट्टीत मी गाण्याच्या खोलीतल्या कपाटात फुटक्या पेट्यांच्या शेजारी धूळ खात पडत असे. एका कोळ्याने तर मला आपलं घर समजून डोक्यापासून शेपटापर्यंत जाळं विणलं होतं.

अशाच एका सुट्टीत थोरल्या बाई शाळा सोडून आपल्या लेकीकडे राहायला गेल्या. वर्षाचं शेवटचं सत्र सुरू व्हायचं होतं आणि त्यांच्या जागी नव्या बाई आल्या. मुलींनी त्यांना अजून पाहिलंही नव्हतं, पण माहिती मात्र सगळीकडून गोळा झाली होती. त्या कधीच हसत नाहीत म्हणे. वेण्या पट्टीने मोजतात म्हणे. खेळाचा तास बंद करणार, हे तर पक्कंच!

सत्राच्या पहिल्या दिवशी मला मैदानावर आणून व्यासपीठावर ठेवलं, तेव्हा मी मुलींचं खलबत ऐकलं. सगळ्यात वरच्या वर्गात एक उंच मुलगी होती. शाळेत खांबांवर दोन भोंगे होते आणि हिच्या आवाजामुळे हिलाच तिसरा भोंगा म्हणत. ती रांगेरांगेतून कुजबुजत फिरत होती, म्हणजे तिला ती कुजबूज वाटत होती. "बाईंचं भाषण झालं की टाळी वाजवायची नाही. कुणीही नाही. खोकायचंसुद्धा नाही."

"शिंक आली तर?" एका चिमुरडीने विचारलं.

"गिळायची!"

मला फार वाईट वाटलं. टाळीची वाट बघत उभं राहिलेलं माणूस मी जवळून पाहिलं आहे. त्याचे हात गार पडतात. पण मी पडलो माईक. मला स्वतःचं असं काही बोलताच येत नाही.

तेवढ्यात नव्या बाई आल्या. किरकोळ अंगाच्या, हातात भाषणाचे कागद. त्यांनी मला उचललं, कळ खाली सरकवली आणि गाण्याच्या बाईंना म्हणाल्या, "जरा हातात धरायची सवय करून घेते. आलेच." मला घेऊन त्या मागच्या गाण्याच्या खोलीत शिरल्या आणि आतून कडी लावली. माझं शेपूट ज्या यंत्राला जोडलेलं होतं, तेही तिथेच होतं. खोलीला जाड पडदे होते आणि डोक्यावर पंखा असा घरघरत होता की शेजारी ढग गडगडला तरी कळू नये. भोंगे मैदानाच्या पार टोकाला. आणि मी, तुम्ही ओळखलंच असेल, चालू.

"प्रिय विद्यार्थिनींनो," नव्या बाई मला म्हणाल्या. मग स्वतःच म्हणाल्या, "नको, हे नोटीस वाचल्यासारखं वाटतं. माझ्या लाडक्या मुलींनो... छे! पहिल्याच दिवशी लाडक्या? साखरेचा पाकच झाला नुसता. मुलींनो, या सत्रात आपण सर्वांनी... काय करायचंय आपण सर्वांनी? देवा!"

बाहेर मैदानावर सगळ्या मुली पुतळ्यासारख्या उभ्या होत्या. खेळाच्या बाई धावत आल्या आणि दारावर धाडधाड थापा मारू लागल्या. "बाई! अहो बाई! दार उघडा!"

"आले, आले! पाचच मिनिटं!" नव्या बाई ओरडल्या. तेही भोंग्यातून मैदानभर गेलं.

"वायर उपटा!" गाण्याच्या बाई म्हणाल्या.

"उपटते, पण तिचं टोक आत आहे!" खेळाच्या बाईंनी उत्तर दिलं.

आत नव्या बाईंनी फोन लावला. आईला कमी ऐकू येत असावं, कारण त्या मोठ्याने बोलत होत्या आणि फोनही स्पीकरवर होता. मी फोनला चिकटूनच होतो.

"आई, माझे पाय लटपटतायत गं."

"काय? पाय मुरगळला?"

"लटपटतायत! त्या पोरी थोरल्या बाईंसाठी रडल्यात. सगळ्यांच्या डोळ्यांत मीच खुपतेय. त्यांच्या खुर्चीत बसायलाही मला धीर होत नाही, शेजारी स्टूल घेऊन बसते. आज मला त्यांनी आपलं मानलं नाही ना, तर मी माझ्या जुन्या शाळेत परत जाणार. खरंच सांगते."

"हे बघ," आई म्हणाली, "लहानपणी विहिरीत पोहायला शिकताना हेच म्हणाली होतीस. परत जाते, परत जाते. मग काय झालं?"

"तू ढकललंस."

"मग? समज, ढकललं! आणि केस नीट कर आधी. तुझी ती एक बट नेहमी शिंगासारखी उभी असते."

नव्या बाईंनी केस सारखे केले, कडी काढली आणि मला घेऊन बाहेर आल्या. दारात खेळाच्या बाई अशा तोंडाने उभ्या होत्या, जणू त्यांनीच शिंक गिळली होती. नव्या बाईंना काही कळलं नाही. त्या व्यासपीठावर चढल्या. समोर एवढी शांतता की मला माझ्याच तारांची गुणगुण ऐकू आली.

"प्रिय विद्यार्थिनींनो..."

"लाडक्याच म्हणा ना, बाई!" पहिल्या रांगेतली ती चिमुरडी ओरडली. "पाक झाला तरी चालेल!"

नव्या बाई थिजल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कळेकडे पाहिलं, मग दूरच्या भोंग्यांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा लालेलाल झाला. मला वाटलं, संपलं. आता या मला इथेच टाकतील आणि फाटकातून निघून जातील.

त्या निघाल्याही होत्या. एक पाऊल मागे पडलं होतं. तेवढ्यात तिसरा भोंगा माझ्याशिवाय, आपल्या स्वतःच्या गळ्याने गरजला, "बाई, जाऊ नका! आम्हाला काय माहीत तुम्हालाही भीती वाटते ते!" आणि सगळ्यात आधी तिनेच टाळी वाजवली. मग मैदानभर जो टाळ्यांचा कडकडाट झाला, तो माझ्या जाळीतून आत शिरला आणि मी कधी नव्हे तो स्वतःहून "कुंऽऽऽ" असा ओरडलो.

नव्या बाई व्यासपीठाच्या पायरीवर मटकन बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. कागद त्यांनी मांडीखाली दाबून ठेवले. "माझ्या लाडक्या मुलींनो," त्या म्हणाल्या, "शेवटचं सत्र आहे. वरच्या वर्गातल्या तुम्ही आता जाणार, मी आत्ताच आलेय. म्हणजे आपल्याला एकमेकींसाठी एवढंच सत्र आहे. ते भांडणात घालवायला मला परवडणार नाही. आणि खेळाचा तास बंद होणार नाही. ही अफवा कुणी उठवली?"

तिसरा भोंगा आपल्या बुटांकडे पाहत होता.

पुढच्याच आठवड्यात वायरमन येऊन माझी कळ बदलून गेला. मोठ्या कार्यक्रमांसाठी नवा, बिनतारी माईक आला. मी कपाटाच्या वाटेवर होतो, पण नव्या बाईंनी मला धाकट्या वर्गाकडे दिलं. तिथे रोज एक मुलगी मला हातात धरून काहीतरी बोलते. परवा एक अगदी अबोल पोर उभी राहिली. तिने मला दोन्ही हातांनी घट्ट आवळलं. बराच वेळ मला फक्त तिचा श्वास ऐकू येत होता. वर्गाच्या बाई थांबल्या, वर्ग थांबला. शेवटी तिने आपलं नाव सांगितलं आणि झटकन खाली बसली. तेवढंच. पण वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत ते मी पोहोचवलं.

मित्रांनो, माझ्यासारख्या म्हाताऱ्या माईकची वायर ओढू नका, त्याच्या जाळीवर फुंकर मारू नका आणि त्याची धूळ अधूनमधून पुसत जा. आणि समोर बोलायला उभं राहिलेलं कुणी मध्येच गप्प झालं, तर हसू नका. जरा थांबा. पुढचा शब्द वाटेत असतो.