कोऱ्या कागदावरची सावली

ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर बसणं शैलेशच्या हातून काही झालं नाही. कामोठ्याच्या दवाखान्यात किशोरीला, त्याच्या बायकोला, हृदयाच्या ऑपरेशनसाठी आत नेलं, दार मिटलं, आणि तेवढ्यात पनवेलच्या झेरॉक्सच्या दुकानातून अय्यूबचाचांचा फोन आला की मशीन बिघडलंय. तेव्हा तिच्या थोरल्या बहिणीला, मालूताईला, तिथे बसवून तो ‘दोन-तीन तासांत येतो’ म्हणत जवळजवळ पळालाच. झेरॉक्स मशीनच्या दुरुस्तीत त्याची बारा वर्षं गेली होती आणि हातांना काम असलं की जीव थाऱ्यावर राहतो, असा त्याचा समज होता. पळपुटेपणाला माणूस काहीतरी बरं नाव देतोच.

“जुन्या कागदाची सावली नव्यावर पडते बघ,” चाचा म्हणाले. “गिऱ्हाईक तोंडावर कागद फेकतंय.”

यात नवल नव्हतं. मशीनमधल्या ड्रमवर उरलेला टोनर, म्हणजे शाईची पूड, खरवडणारं ब्लेड झिजलं की मागचं चित्र नीट पुसलं जात नाही आणि पुढच्या कागदावर पुसट उमटतं. शैलेशने ब्लेड बदललं, ड्रम पुसला आणि काचेवर कोरा कागद ठेवून प्रत काढली. तिच्यावर फिकट राखाडी रेशनकार्ड होतं, डावा कोपरा कुरतडलेलं.

“आज रेशनकार्डं फार आली वाटतं?”

“एकही नाही. खुदा की कसम.”

“मगाधरनं उबी हाय मी,” काउंटरपलीकडून उलव्याची गुणाबाई करवादली. “माजा कागद काडतोस का नाय?”

तिने मासळीच्या वासाच्या पिशवीतून रेशनकार्ड काढून पुढे केलं. डावा कोपरा उंदराने खाल्ला होता.

शैलेशने तिला प्रत काढून दिली आणि पुन्हा कोरा कागद ठेवला. या वेळी दहावीचं गुणपत्रक उमटलं, गणितात एक्क्याण्णव. रांगेतल्या मुलीने पुढे केलेल्या गुणपत्रकातही गणितात एक्क्याण्णवच होते. सावली मागच्या कागदाची नव्हती, पुढच्या कागदाची होती.

मालूताईचा फोन अजून आला नव्हता. मशीन सोडून निघून जावं, हे त्याला कळत होतं; पण हात थांबला नाही. तिसरी कोरी प्रत बाहेर आली. वर लिहिलं होतं, ‘मृत्यूच्या दाखल्यासाठी अर्ज’. मयताचं नाव घडीत पुसलं होतं. पत्ता मात्र वाचता येत होता. कामोठ्यातला, त्याच्या घराचा. त्या घरात दोनच माणसं राहत होती.

“काय रे, चेहरा का उतरला?” चाचांनी विचारलं.

त्याने जुना ड्रम ओढून काढला, सीलबंद खोका फाडून नवा बसवला, टोनर भरला आणि हे सगळं करताना मनातल्या मनात तो एकच म्हणत होता, तिला राहू दे, बाकी काहीही ने. पुन्हा प्रत काढली. नव्या ड्रमवर अर्ज आणखी ठळक आला, आणि त्याच्या तळाशी सही दिसली. नावाची शेवटची वेलांटी मागे नेऊन अख्ख्या नावावर छपरासारखी ओढलेली. अशी सही जगात एकच बाई करत होती, किशोरी.

शैलेशने ती प्रत उजेडात धरली. सही तिची, म्हणजे ती जिवंत असणार होती! त्याला रडू आलं, मग हसू आलं. खिशातला फोन वाजला.

“भावोजी, झालं ऑपरेशन,” मालूताई म्हणाली. “धोका टळला म्हणतात डॉक्टर. या आता.”

“आलोच, ताई. बाईकवर किती वेळ लागतोय!”

हेल्मेट उचलताना त्याची नजर पुन्हा त्या प्रतीवर गेली. सहीच्या वर एक ओळ होती, ‘अर्जदाराचे मयताशी नाते’, आणि तिच्यापुढे लिहिलं होतं, ‘पत्नी’.

“चला, पुढचा कागद कोणाचा?” चाचांनी रांगेला विचारलं. एका माणसाने आपलं लायसन्स काचेवर ठेवलं. चाचांनी बटण दाबलं. मशीन एकदा घुरघुरलं आणि गप्प झालं. त्यांनी पुन्हा दाबलं, बंद करून सुरू केलं, मग वैतागून शैलेशकडे पाहिलं.

“आता हे किती दिवस असं बंद राहणार?”

शैलेश हातात हेल्मेट घेऊन त्या प्रतीकडे बघत होता; मशीनचा पुढचा कागद तोच होता, किशोरी घेऊन येणार तो. किशोरीला हिंडायफिरायला किती दिवस लागतील, हे मालूताईला विचारायचं राहूनच गेलं होतं.