माझ्या तिसऱ्या बाल्कनीतली खुर्ची

मी एक जुना नमुना आहे. हसू नका, मित्रांनो! माणसांना चिडवताना तुम्ही ‘काय नमुना आहे’ म्हणता, तसला नव्हे. मी जहाजाचा नमुना आहे. तीन फूट लांब, अस्सल सागवानी, वर पांढरा रंग आणि दोन निळी धुरांडी. सुरतेत उधना दरवाजाजवळ अनुजाताईंचं सहलींचं ऑफिस आहे, तिथे मी सतरा वर्षं मुक्काम ठोकून आहे. युरोपच्या समुद्रात फिरणाऱ्या मोठमोठ्या जहाजांवर ज्यांना सुट्टी घालवायची असते, ते लोक इथे येतात. आधी भाड्याचा आकडा विचारतात, मग मला बोट लावतात. पाण्याचा स्पर्श म्हणाल, तर फरशी पुसताना उडालेले शिंतोडे, तेवढाच.

माझा जन्म उधन्याचा. मला घडवणारे बळीराममिस्त्री मूळचे शिरपूरकडचे. कापडाच्या कारखान्यात मागांची लाकडी कामं करायचे. पुढे लोखंडी यंत्रं आली, लाकडाचं काम संपलं आणि जुन्या मागांचं सागवान त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये पडून राहिलं. त्याच सुमारास अनुजाताईंनी नवीन ऑफिस थाटलं होतं. गिऱ्हाईक येई, चित्रं बघे आणि विचारी, “पण ताई, खोली नेमकी असते कुठे?” सांगून सांगून त्यांचा घसा बसला. तेव्हा त्या मिस्त्रींकडे गेल्या आणि म्हणाल्या, “मला उघडणारं जहाज करून द्या.”

मिस्त्रींनी जहाज पाहिलं होतं ते हजिऱ्याच्या बंदरात, लांबून, तेही मालाचं. पण माहितीपत्रकातले फोटो समोर ठेवून त्यांनी सव्वा महिन्यात मला उभं केलं. माझी एक बाजू कपाटाच्या दारासारखी उघडते. आत चार खोल्या दिसतात. एक पोटातली, बिनखिडकीची. ती सगळ्यात स्वस्त. दुसरीला गोल काच. उरलेल्या दोन बाल्कनीवाल्या. बाहेरून मोजलंत तर मला अकरा बाल्कन्या आहेत आणि त्या सगळ्या समुद्राकडे उघडतात. म्हणजे समोर समुद्र असता तर उघडल्या असत्या. समोर झेरॉक्सचं मशीन आहे.

काय मान होता माझा त्या काळी! लोक वाकून वाकून आत बघायचे. “आपण या खोलीत, आईबाबा त्या खोलीत,” अशी वाटणी माझ्या पोटात व्हायची. एक आजोबा तर चष्मा लावून माझ्यातलं न्हाणीघर शोधत होते. मिस्त्री ते करायलाच विसरले होते! अनुजाताई रोज सकाळी ओल्या फडक्याने मला पुसायच्या.

मग दिवस पालटले, मित्रांनो. खरी जहाजं बदलली. वीस वीस मजले, वर घसरगुंड्या, बर्फाचं मैदान. एवढी रुंद जहाजं की मधोमध पोट चिरून आत झाडांची बाग आणि दुकानांची गल्ली काढलेली. ते सगळं दाखवायला अनुजाताईंनी मोठा पडदा घेतला. माझी रवानगी कोपऱ्यात झाली. माझ्या डेकवर फायली बसल्या, एका धुरांड्यावर रबरबँड लटकू लागले. वाईट वाटलं. का नाही वाटणार? एकदा व्हिसाच्या कागदांचा गठ्ठा वरून पडला आणि माझं मागचं धुरांडं तुटलं. ते वर्षभर ड्रॉवरमध्ये होतं.

आणि मग या उन्हाळ्यात अशोकराव आणि भागीरथीबाई आले.

अशोकराव बँकेतून निवृत्त झालेले. भागीरथीबाई उधन्याच्या मराठी शाळेत शिक्षिका होत्या. लग्नाला चाळीस वर्षं होणार म्हणून मुलाने पैसे पाठवले होते आणि सांगितलं होतं, युरोपची जहाजाची सहल कराच. अशोकरावांनी घरूनच एक तक्ता आखून आणला होता. तीन जहाजं, चार प्रकारच्या खोल्या, भाडं, बंदराचा कर, नोकरांची बक्षिसी, आणि शेवटच्या रकान्यात खोलीचा दर चौरस फुटामागे किती पडतो ते! सुरतेत फ्लॅट घेताना करतात ना, अगदी तस्सं.

“झोपायलाच तर जायचंय,” ते पहिल्या दिवशी म्हणाले. “बिनखिडकीची खोली काय वाईट? काय गं?”

“तुम्ही ठरवाल ते,” भागीरथीबाई म्हणाल्या.

मग ते झेरॉक्स काढायला उठले, अनुजाताई फोनवर होत्या, आणि बाई खुर्ची सरकवत माझ्यापाशी आल्या. उठून नाही हं, खुर्चीसकट. बसताना त्या टेबलाची कड घट्ट धरतात हे मी आल्या आल्या पाहिलं होतं. माझ्या डेकवरची फाईल त्यांनी बाजूला केली, पदराने धूळ पुसली आणि माझ्या तिसऱ्या बाल्कनीत हलकेच करंगळी ठेवली.

“इथे एक खुर्ची टाकायची,” त्या अगदी हळू म्हणाल्या. “मग उठायलाच नको. सात दिवस नुसता समुद्र बघायचा.”

त्यांच्या घरच्या गॅलरीची गोष्टही तेव्हाच कळली, कारण त्या मलाच सांगत होत्या. सात वर्षांपूर्वी अशोकरावांनी दर फुटाचा भाव बघून अडाजणला फ्लॅट घेतला. समोर मोकळा प्लॉट होता. त्याचं पुढे काय होणार हे विचारलं नाही. आता तिथे इमारत उभी आहे आणि बाईंच्या गॅलरीतून दिसते ती शेजाऱ्यांची भिंत आणि त्यांच्या एसीचा डबा. डुमसच्या समुद्रकिनाऱ्यावर गेलं तरी हल्ली त्या गाडीतच बसून राहतात. “वारा लागतो,” असं सांगतात. गुडघ्यांचं नाव काढत नाहीत.

ऑफिसात हे ऐकलं मी एकट्याने. आणि मला तोंड नाही! आता बोला!

चार दिवसांनी दोघं पुन्हा आली. योगायोग असा की त्याच दुपारी बळीराममिस्त्री माझं धुरांडं बसवायला आले होते. त्यांचे केस आता पांढरे झालेत, पण कानावरची पेन्सिल तीच. बाईंना बघून ते उभेच राहिले.

“बाई! वळखं का? मी पूजाना बाप.”

“अगबाई, बळीरामभाऊ! पूजा काय करते आता?”

“नवसारीला मास्तरीण झाली, तुमच्यासारखीच. पोरांना सांगते, मनात असेल ते हात वर करून बोला. आमच्या बाई म्हणायच्या.”

बाई हसल्या. अशोकरावांना मात्र घाई होती. सवलतीच्या भाड्याचा तो शेवटचा दिवस होता आणि एकदा भरलेले पैसे परत मिळणार नव्हते.

“अनुजाताई, जमलं!” ते खूश होऊन म्हणाले. “हिला नुसतं सरप्राइज! नवंकोरं जहाज, बाल्कनीची खोली, आणि भाडं बिनखिडकीपेक्षा थोडंसंच जास्त. इतर बाल्कन्यांपेक्षा कितीतरी स्वस्त! हे बघ गं, अशी बाल्कनी.” आणि त्यांनी बोट ठेवलं ते माझ्या तिसऱ्या बाल्कनीवर.

भागीरथीबाईंचा चेहरा असा काही उजळला, मित्रांनो! सतरा वर्षांत माझ्याकडे बघून इतकं आनंदलेलं माणूस मी पाहिलं नव्हतं. मीही फुशारलो. आपला जुना देह कामाला आला म्हणायचा.

“काका, एकदा खोलीचा नकाशा बघून घ्या,” अनुजाताई म्हणाल्या.

“अहो, सदतीस वर्षं बँकेत कागदच वाचले मी! आठवा मजला, मधली खोली.” त्यांनी पैसे भरायला मोबाइल बाहेर काढला.

त्या नव्या जहाजाचा नकाशा मिस्त्रींच्याच हातात होता. अनुजाताईंना माझ्या जागी नवा नमुना करून हवा होता, म्हणून त्यांनीच तो दिला होता. हो, माझ्या जागी. ते दुःख मी बाजूला ठेवतो. मिस्त्रींनी पेन्सिल काढली, आठव्या मजल्यावर टेकवली, कागद उलटा धरला, सुलटा धरला.

“बाई,” ते म्हणाले, “हाई गॅलरी ते मजार शे. आठून समिंदर दखास नही.”

ही गॅलरी तर आतल्या बाजूला आहे, इथून समुद्र दिसत नाही. मिस्त्रींची अहिराणी ऑफिसात सगळ्यांनाच कळत होती.

अनुजाताईंनी घाईने पडदा लावला. खरंच की! जहाजाच्या मधोमध बाग, आणि त्या बागेकडे तोंड करून बाल्कन्यांच्या दोन रांगा. समोरासमोर. या बाल्कनीतून दिसणार ती समोरची बाल्कनी.

“काका, यात लिहिलं होतं हो, ‘बागेकडची बाल्कनी’.”

“वाचलं ना मी!” अशोकराव म्हणाले. “म्हणून तर घेतली! गार्डन फेसिंग! फ्लॅटला त्याचे लोक चार पैसे जास्त मोजतात. इथे स्वस्तात मिळतेय म्हटल्यावर...”

मी लाकडाचा असूनही मला घाम फुटायचाच बाकी होता. चूक त्यांची एकट्याची नव्हती, मित्रांनो. मीसुद्धा फसवलं होतं. माझ्या काळात बाल्कनी म्हणजे समुद्र, यात वादच नव्हता. जग बदललं, आणि मी मात्र जुनंच उत्तर तोंडावर घेऊन बसलो होतो. बाईंनी माझ्यावर विश्वास ठेवला, याची मला फार लाज वाटली.

अशोकराव लगेच सावरले. “बरं, बाग तर बाग. समुद्र काय, वरच्या डेकवर जाऊन बघू की! फुकट आहे. काय गं?”

बाईंच्या चेहऱ्यावरचा उजेड गेला होता. त्यांनी पदर सारखा केला.

“तुम्ही ठरवाल ते.”

अशोकरावांनी मोबाइल पुढे केला. रक्कम टाकली. आता पिनचे चार आकडे दाबायचे, की संपलं.

मिस्त्री माझं धुरांडं हातात धरून उभे होते. बाईंकडे न बघता, माझ्याकडे बघत म्हणाले, “आमची पूजा म्हणते, वर्गात जी पोर गप्प बसते ना, तिला बाई दोनदा विचारायच्या.”

आणि मित्रांनो, भागीरथीबाईंनी हात वर केला.

खरंच सांगतो. शाळेत करतात तसा, कोपर सरळ. अशोकरावांचा अंगठा तिथेच थांबला.

“काय गं हे?”

“मला बोलायचंय. मला वरच्या डेकवर जाता यायचं नाही. डॉक्टरांनी मार्चमध्येच सांगितलंय, दोन्ही गुडघे बदलावे लागतील. तुम्हाला बोलले नाही, कारण तुम्ही सहलच रद्द केली असती. मी सात दिवस बहुतेक खोलीतच बसणार आहे. आणि मला समुद्र बघायचाय. घरी भिंत बघते. तिथे जाऊनही दुसऱ्यांच्या खिडक्या नाही बघायच्या मला.”

“मग आधी बोलायचंस ना! फ्लॅटच्या वेळीही ‘तुम्ही ठरवाल ते’ म्हणालीस. मी विचारलं होतं तुला.”

“विचारलं होतंत. सहीसाठी पेन उघडून विचारलं होतंत.”

अशोकरावांनी मोबाइल खिशात टाकला. तक्त्याची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली. चष्मा काढून पुसला. मग जरा वेळाने, अनुजाताईंकडे न बघता, बायकोकडे बघून म्हणाले, “तुझ्या मनात कुठली खोली आहे? सांग. मी थांबलोय.”

बाईंनी माझ्या तिसऱ्या बाल्कनीवर बोट ठेवलं.

अनुजाताईंनी शोधलं. मिळालं एक जहाज. जुनं, वीस वर्षांपूर्वीचं, घसरगुंड्या नाहीत, बाग नाही, मोजके मजले. ‘जुनं’ म्हणून अशोकरावांनी ते तक्त्यात घेतलंच नव्हतं. पण त्याच्या सगळ्या बाल्कन्या बाहेर उघडत होत्या आणि भाडं दोघांमागे फक्त अकरा हजारांनी जास्त होतं. पडद्यावर त्याचं चित्र आलं तेव्हा मी बघतच राहिलो. पांढरं अंग, दोन निळी धुरांडी. माझंच भावंड म्हणा ना!

खोली लिफ्टजवळची घेतली. चाकाची खुर्ची मागायला अशोकरावांनी स्वतः सांगितलं, बाई नको नको म्हणत असताना.

दिवाळीआधी दोघं पेढे घेऊन आली. फोटो दाखवले. बऱ्याच फोटोंत नुसतं पाणी होतं, निळं, राखाडी, सकाळचं, संध्याकाळचं. एकात बाल्कनीत दोन खुर्च्या आणि बाईंचे स्टुलावर ठेवलेले पाय. “सात दिवस यांनी चहा आणून दिला,” बाई अनुजाताईंना सांगत होत्या, “आणि रोज विचारायचे, साखर किती. चाळीस वर्षांत पहिल्यांदा!” पुढच्या महिन्यात त्यांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन आहे.

मला अनुजाताईंनी काढून टाकलं नाही. नवा नमुना आला, तो माझ्या शेजारी बसतो. त्याच्या पोटात बाग आहे. पोरगा दिसायला छान आहे, मान्य करतो. आता गिऱ्हाईक आलं की ताई आम्हा दोघांना उघडतात आणि पैशांच्या आधी विचारतात, “बसून काय बघायचंय तुम्हाला?” माझ्यावर धूळ साचत नाही.

आणि तिसऱ्या बाल्कनीत आता एक खुर्ची आहे. नखाएवढी, सागवानी. बाईंच्या सांगण्यावरून मिस्त्रींनी करून दिली.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, हे तर मी सांगणारच; माझा त्यात स्वार्थ आहे. पण आज मागणं वेगळं आहे. तुमच्याही घरात कुणीतरी असेल, जे नेहमी म्हणतं, “तुम्ही ठरवाल ते.” आई असेल, आजी असेल, धाकटी बहीण असेल. त्यांना आज पुन्हा एकदा विचारा. पेन बंद ठेवून विचारा. आणि उत्तर येईपर्यंत तिथेच बसा.